शाळा सोडल्याचे कारण

प्रत्येक शाळेत एक जाड, लांबट वही असते. तिला जनरल रजिस्टर म्हणतात, बोलताना नुसतं जीआर. शाळेत नाव घातलेल्या प्रत्येक मुलाला त्यात एक ओळ मिळते. नाव, आईचं नाव, जात, जन्मगाव, जन्मतारीख आधी अंकांत मग अक्षरांत, आधीची शाळा, प्रवेशाची तारीख, प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख, शाळा सोडल्याचे कारण आणि शेवटी शेरा. दाखला म्हणून जो कागद आपण आयुष्यभर प्लास्टिकच्या पिशवीत जपतो, तो म्हणजे या एका ओळीची नक्कल. मूळ ओळ शाळेच्या कपाटातच राहते.

भाईंदर पश्चिमेच्या एका मराठी शाळेत मी पाचवी ते दहावी शिकले. पुढे डिप्लोमा, मग इंजिनीअरिंग, मग नोकरी. गेली सहा वर्षं मी सॉफ्टवेअर लिहिते. त्यातलं बरंचसं काम म्हणजे दुसऱ्यांनी कशीतरी भरलेली माहिती स्वच्छ करणं. एकाच माणसाच्या दोन नोंदी जुळवायच्या, रिकामी खणं शोधायची, ३० फेब्रुवारीला जन्मलेल्यांना बाजूला काढायचं. त्यामुळे आमच्या माजी विद्यार्थी संघाला जेव्हा ‘सगळ्यांची यादी कॉम्प्युटरवर’ हवी झाली, तेव्हा ते काम माझ्याकडे येणं ठरलेलंच होतं. संघात बहुतेक मंडळी पन्नाशीची. त्यांच्या लेखी मी ‘आपली आयटीवाली’. प्रिंटर अडकला तरी मला फोन येतो.

२०१५च्या आसपास सरल प्रणाली आली आणि नव्या मुलांच्या नोंदी ऑनलाइन गेल्या. त्याआधीचं सगळं वह्यांमध्येच. मुख्याध्यापकांच्या परवानगीने मी दोन महिने शनिवारी शाळेत बसून पानांचे फोटो काढले आणि रात्री घरी टाइप केलं. जातीचा रकाना मी मुद्दाम घेतला नाही. आमच्या कामाला तो लागत नव्हता. ‘शाळा सोडल्याचे कारण’ हा रकाना मात्र घेतला. तेव्हा त्यामागे फार विचार नव्हता, तो सगळ्यांत मजेशीर वाटला एवढंच. ‘गावी गेला’. ‘पालकांच्या विनंतीवरून’. ‘इंग्रजी माध्यम’. ‘सतत गैरहजर’. ‘वडील वारले’. ‘पुढील शिक्षणासाठी’. एकेक कारण दोनतीन शब्दांचं, आणि वहीवर वही बदलली तरी तीच तीच. आधी हसू यायचं, नंतर येईनासं झालं.

*

ज्यांना माजी विद्यार्थी संघ म्हणजे वर्षातून एक स्नेहसंमेलन आणि व्हॉट्सअॅपवरचे सुप्रभात एवढंच माहीत आहे, त्यांच्यासाठी थोडं सांगते. असा संघ रीतसर करायचा तर संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली किमान सात जणांना अर्ज करावा लागतो. महाराष्ट्रात त्याच संस्थेची १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंदणी होते, म्हणजे धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात दरवर्षी हिशेब द्यायचे. आमच्यासाठी ते कार्यालय ठाण्याला. घोडबंदर रस्त्याच्या ट्रॅफिकमध्ये फाइल मांडीवर घेऊन बसलेले आमचे सचिव काका हे संघाचं खरं बोधचिन्ह व्हायला हवं.

वर्षभरात संघ काय करतो? जूनमध्ये वह्या आणि दप्तरं. गुरुपौर्णिमेला निवृत्त शिक्षकांना घरी जाऊन भेटणं. दहावीच्या मुलांची सराव परीक्षा आणि तिचे पेपर तपासायला माजी विद्यार्थीच. एक गुणगौरव समारंभ, त्यात भाषणं फार. दोन वर्षांतून एकदा स्मरणिका, तिच्यात जाहिराती फार. आणि जानेवारीत आठवी-नववीच्या मुलांसाठी तीन दिवसांचं शिबिर, मावळात पवना धरणाच्या काठावर. बाकी सगळं मुलं विसरतात. शिबिर विसरत नाहीत. मी स्वतः आठवीत गेले होते. तिथे पहिल्यांदा मला दिवसा ढवळ्या इतकं निळं पाणी दिसलं.

आता कोणी म्हणेल, भाईंदरच्या मुलांना पाण्याचं काय कौतुक? तिन्ही बाजूंनी पाणी तर आहे. उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला उत्तनचा समुद्र, गावात मांडली तलाव, नवघरचा तलाव. पण खाडीच्या काठावर राहणं आणि खाडीशी ओळख असणं या दोन वेगळ्या गोष्टी. १९९१च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची लोकसंख्या पावणेदोन लाखांच्या घरात होती. २००१ मध्ये ती पाच लाखांवर गेली आणि २०११ मध्ये आठ लाखांवर. महानगरपालिका झाली ती २८ फेब्रुवारी २००२ रोजी, म्हणजे बहुतेक माणसं महापालिकेच्या आधीच येऊन बसली होती. आमचं घर त्यातलंच. आजोबा लालबागला गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तो त्यांच्यासाठी कधी संपलाच नाही. पुढे खोली विकून कुटुंब भाईंदरला आलं. बाबा स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात लागले. आमच्यासाठी खाडी म्हणजे नायगावला जाताना लोकलच्या खिडकीतून दिसणारी गोष्ट. तिच्याकडे जायचं नाही, चिखल आहे, वास येतो, बुडशील. आईचा पोहण्याविषयीचा सगळा उपदेश एवढाच.

वर्गात दुसरी मुलंही होती. राई, मुर्धा, मोर्वा या गावांतली आगरी मुलं, उत्तनकडची कोळी मुलं. त्यांची घरं आमच्या इमारतींच्या कितीतरी आधीची. भाईंदरची मिठागरं त्यांच्या आजोबा-पणजोबांनी राबवली. भरतीचं पाणी बांध घालून आत घ्यायचं, एका वाफ्यातून दुसऱ्यात सोडत उन्हात आटवायचं आणि मीठ खरवडून त्याच्या राशी करायच्या. आम्ही भूगोलात ‘मिठागरे’ हा धडा पाठ करत होतो तेव्हा ही मुलं मागच्या बाकावर बसून कंटाळत होती, आणि त्यांना कोणी काही विचारतही नव्हतं.

त्यातल्या एका मुलाची गोष्ट मला सांगायची आहे. त्याचं नाव इथे देत नाही.

*

त्याचे वडील डुबी मारायचे. हा शब्द आता शासनाच्या वाळू धोरणात ‘हातपाटी’च्या जोडीला छापलेला असतो, म्हणून फार परका राहिलेला नाही. खाडीत होडी उभी करायची, लांब बांबू तळात रोवायचा, बांबूला धरून खाली जायचं, बादलीत रेती भरायची, वरच्याने ती दोराने ओढायची. दिवसभर तेच. कानांची वाट लागते. माझ्या या वर्गमित्राने दहावीपर्यंत वडिलांबरोबर कितीतरी सुट्ट्या होडीवर काढल्या होत्या. दहावीत गणित राहिलं. एकदा परत बसला, परत राहिलं. मग १७ नंबरचा फॉर्म भरायच्या गोष्टी झाल्या, पण तो भरला गेला नाही. आता त्याचा टेम्पो आहे. गणपतीत जेसल पार्कच्या चौपाटीवर मोठ्या मूर्ती खाडीत नेणाऱ्या पोरांमध्ये तो असतो. लग्न झालंय, मुलगी पहिलीत आहे. आमच्याच शाळेत.

या शेवटच्या वाक्यावर जरा थांबते. आमच्या संघाच्या कार्यकारिणीत अकरा जण आहेत. त्यातल्या एकाचंही मूल मराठी शाळेत नव्हतं आणि नाही. यात मी कोणाला बोल लावत नाही. उद्या मला मूल झालं तर मी काय करेन, हे मला छातीठोकपणे सांगता येणार नाही. ‘इंग्रजी माध्यम’ हे कारण त्या रकान्यात नव्वदच्या दशकात क्वचित दिसतं, पुढे वाढत जातं, आणि नंतर कमी होतं. कमी झालं म्हणून मला क्षणभर बरं वाटलं होतं. मग लक्षात आलं, आता मुलं शाळा सोडून इंग्रजीकडे जात नाहीत, कारण ती मुळात इथे येतच नाहीत. जी ओळ कधी लिहिलीच गेली नाही तिला कारणाचा रकाना नसतो.

तर हा माणूस शिबिरात कसा आला? त्याच्या टेम्पोतून. दोन वर्षांपूर्वी तंबूंचं सामान, मोठी पातेली आणि गॅसच्या शेगड्या पवनेला न्यायच्या होत्या. त्याने डिझेलच्या पैशांवर काम घेतलं आणि सामान उतरवून परत जायच्या ऐवजी तिन्ही दिवस थांबला. काठावर उकिडवा बसून पाण्याकडे बघत राहायचा. दुसऱ्या दिवशी मला बाजूला घेऊन म्हणाला, “या पान्यात पोरांना सोडताव तुमी? खाली काय हाय ते बगितलंय का कोनी?”

मी म्हटलं, कमरेएवढ्या पाण्यातच उतरवतो, सगळ्यांना लाइफ जॅकेट असतं.

“कमरेएवढं हितं. दोन पावलांवर किती ते सांग.”

मला सांगता येईना. संघातल्या कोणालाच सांगता आलं नसतं. त्या वर्षी त्याने काठावर उभं राहून मुलांना घोट्याच्या वर जाऊ दिलं नाही. मुलं चिडली. एकदोन काकाही कुरकुरले, की हा सामान घेऊन आलेला, याला कोणी विचारलं. पण त्याने कोणाचं ऐकलं नाही.

*

पवना धरण १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला झालं. साठा साधारण साडेआठ टीएमसी. पिंपरी-चिंचवड शहर मुख्यतः याच पाण्यावर वाढलं. पाणी धरणातून नदीत सोडतात आणि रावेतला उचलतात. ते बंद नळाने थेट न्यायची योजना आली, तेव्हा मावळातल्या शेतकऱ्यांनी विरोध केला, कारण नदीतून पाणी वाहतं म्हणून काठची शेती भिजते. ९ ऑगस्ट २०११ ला पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर बऊरजवळ आंदोलन झालं, पोलिसांनी गोळीबार केला आणि तीन शेतकरी गेले. धरणासाठी ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांतल्या अनेकांचा जमिनीच्या बदल्यात जमीन मिळण्याचा प्रश्न पन्नास वर्षांनंतरही पुरता सुटलेला नाही. आज काठावर जी रांगेने तंबूंची शिबिरं दिसतात, शनिवारी रात्री गाणी आणि बार्बेक्यू, त्यांतली काही या धरणग्रस्त घरांचीच आहेत. राहिलेल्या तुकड्यावर तंबू लावून पोट भरायचं.

आम्ही जिथे शिबिर घेतो ती जागा अशाच एका घराची. मालक आजोबा सत्तरीच्या पुढचे. समोर तुंग, डावीकडे तिकोना, पाठीमागे लोहगड. मुलांना किल्ले दाखवताना ते बोट हवेत धरत, पण बोलता बोलता त्यांचं बोट खाली पाण्याकडे वळत असे. “हितं आमची खाचरं.” आम्ही ऐकून घ्यायचो, माना हलवायचो. पाण्याखाली खाचरं, म्हणजे बांध, म्हणजे पायऱ्या, म्हणजे अचानक खोली, हा पुढचा हिशेब आमच्यापैकी कोणी केला नव्हता. तो ज्याच्या वडिलांनी तळ हातांनी चाचपला होता त्याने केला.

त्याचं म्हणणं एकच होतं. पाणी उतरल्यावर येऊन बघायचं. मेमध्ये.

म्हणून मागच्या मेमध्ये आम्ही चौघं गेलो. तो, मी, सचिव काका आणि शाळेचे पीटीचे सर. जानेवारीतला काठ आणि मेमधला काठ यांच्यात भेगा पडलेल्या चिखलाची रुंद उतरण होती. पवनेच्या जलाशयातलं वाघेश्वराचं जुनं देऊळ उन्हाळ्यात पाण्याबाहेर येतं, त्याचे फोटो दरवर्षी पेपरात येतात. पण देऊळ एकटंच बाहेर येत नाही. बांध येतात, झाडांची खुंटं येतात, बैलगाडीची वाट येते. आजोबा काठी टेकत आमच्या पुढे चालत होते आणि प्रत्येक खाचराची हद्द सांगत होते. पन्नास वर्षं वर्षातले बरेच महिने पाण्याखाली असलेल्या जमिनीत हा माणूस स्वतःच्या घरात फिरावं तसा फिरत होता.

आमच्या नेहमीच्या जागेसमोर, जिथे आम्ही वर्षानुवर्षं मुलांना उतरवलं होतं, तिथून चाळीसेक पावलांवर एक विहीर होती. दगडी, वरचा काठ ढासळलेला, गाळाने अर्धी भरलेली. तिच्या अलीकडे दोन बांध, प्रत्येक पुरुषभर उंच.

सचिव काका विहिरीच्या काठावर उभे राहून बराच वेळ काही बोलले नाहीत. पीटीच्या सरांनी टोपी काढून घाम पुसला. माझा मित्रसुद्धा ‘सांगितलं होतं ना’ असं काही म्हणाला नाही. त्याने आजोबांना विचारलं, “बाबा, ढालीची जागा कुठली? जिथं म्हशी पानी प्यायच्या?”

आजोबांनी हसून काठी पूर्वेकडे केली. तिथे जमीन तव्यासारखी पसरट उतरत होती. बांध नव्हते, कारण ते पूर्वीचं गायरान.

माझं काम सोपं होतं. मी फोनवर बिंदू घेत चालले. विहीर, पहिला बांध, दुसरा बांध, खुंटं, गायरानाची कड. फोनचा जीपीएस मोकळ्या आकाशाखाली पाचेक मीटरची चूक करतो, म्हणून प्रत्येक बिंदूभोवती मी दहा मीटरचं वर्तुळ धरलं. ऑफिसात आम्ही याहून कितीतरी गुंतागुंतीचे नकाशे काढतो, कोणाचं पार्सल कुठे पोचलं ते दाखवायला. पण आपल्या नकाशातल्या एका लाल ठिपक्यामुळे कोणाचं तरी पोर घरी जाईल, हे तोवर कधी वाटलं नव्हतं.

*

जानेवारीत शिबिर गायरानाच्या बाजूला भरलं. निळं पाणी तसंच होतं, फक्त आता मला त्याच्याखालचं दिसत होतं. फोन उघडला की माझा निळा ठिपका काठावर आणि लाल ठिपके आत पाण्यात.

पहिल्या सकाळी पाण्यात उतरण्याआधी त्याने मुलांना अर्धा तास बसवून ठेवलं. मी इतक्या वर्षांत ऐकलेला तो सगळ्यांत चांगला विज्ञानाचा तास होता. त्याने विचारलं, समुद्रात पोहायला सोपं की तळ्यात? मुलं म्हणाली, तळ्यात, लाटा नसतात. तो म्हणाला, चूक. खारं पानी उचलून धरतं, गोडं पानी धरत नाय. मग माझ्याकडे बघून म्हणाला, का ते ही सांगेल, ही इंजिनीअर हाय. मी सांगितलं, समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं, त्यामुळे ते गोड्या पाण्याहून सुमारे अडीच टक्के जड असतं. माणसाचं शरीर जेमतेम तरंगतं, त्यामुळे तेवढ्या अडीच टक्क्यांनीही फरक पडतो. राई-मुर्ध्याची दोन मुलं, जी आम्हाला येतं म्हणून मागे बसून हसत होती, ती पुढे सरकली. त्यांच्या घरी हे सगळ्यांना हाताला माहीत होतं, आकड्यात कोणी सांगितलं नव्हतं.

मग नियम. दोरीच्या आतच. एका वेळी सहा जण. पाण्यात दोन मोठी माणसं, काठावर एक मोजणारा, त्याने दुसरं काही करायचं नाही, फोन तर नाहीच. शिट्टी वाजली की आपापला नंबर ओरडायचा. सकाळी अकरा ते एक, नंतर पाणी बंद. सहलींमध्ये मुलं बुडण्याच्या बातम्या आपण वाचतो आणि विसरतो. १ फेब्रुवारी २०१६ ला मुरुडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी गेले, त्यानंतर काही महिने परिपत्रकांचा पाऊस पडला. परिपत्रकं वाईट नसतात. पण मोजणाऱ्याने दुसरं काही करायचं नाही, ही ओळ मी कुठल्या परिपत्रकात वाचलेली नाही.

दुसऱ्या दिवशी काठावर खेळताना व्हॉलीबॉल पाण्यात गेला. वारा जोरात होता. बॉल दोरीच्या पलीकडे गेला आणि सरळ विहिरीच्या दिशेने निघाला. नवा बॉल, संघाने त्याच वर्षी घेतलेला. मुलं ओरडायला लागली, दादा आणा ना, तुम्हाला येतं ना पोहता! त्याला येत होतं. ते अंतर त्याने झोपेत कापलं असतं. तो हाताची घडी घालून उभा राहिला.

“जाऊ दे तो.”

“दादा, फक्त तेवढंच तर आहे!”

“मना जाता येतं. म्हनूनच जानार नाय. मी गेलो का उद्या तू जाशील.”

बॉल बराच वेळ दिसत होता. मग तुंगच्या सावलीत एक पांढरा ठिपका राहिला आणि नंतर तोही नाही. उरलेले दीड दिवस मुलं कबड्डी खेळली. परतताना बसमध्ये नववीतली एक मुलगी मला म्हणाली, ताई, हे दादा आपल्याच शाळेचे का? मी हो म्हटलं. कुठली बॅच? मी वर्ष सांगितलं. तिने विचारलं, मग त्यांचं नाव संघाच्या बोर्डावर का नाही?

*

कारण संघाच्या घटनेत कलम होतं: या शाळेतून माध्यमिक शालान्त परीक्षा उत्तीर्ण झालेली कोणतीही व्यक्ती सभासद होण्यास पात्र.

या कलमामागे दुष्टपणा नव्हता, हे मला सांगायलाच हवं. ज्या सात जणांनी संघ नोंदवला त्यांच्या घरात दहावी पास झालेले तेच पहिले होते. त्यांच्यासाठी ‘उत्तीर्ण’ हा शब्द म्हणजे छातीवरचं पदक. दुसरं कारण व्यवहाराचं. आमच्याकडे निवडणुका जवळ आल्या की कुठल्याही संस्थेत अचानक पन्नास सभासद वाढतात. दहावीचं प्रमाणपत्र मागितलं की तो प्रश्न मिटतो. सचिव काका म्हणायचे, दार थोडं अरुंद असलेलं बरं.

फेब्रुवारीत शाळेच्या हॉलमध्ये सर्वसाधारण सभा झाली. घटनादुरुस्तीचा प्रस्ताव मी मांडला. तयारी फार नव्हती. मी लॅपटॉप प्रोजेक्टरला लावला आणि माझ्या यादीतला एकच रकाना पडद्यावर सोडला. नावं नाहीत, वर्षं नाहीत. फक्त ‘शाळा सोडल्याचे कारण’. गावी गेला. वडील वारले. कामास लागला. सतत गैरहजर. लग्न. गावी गेली. अनुत्तीर्ण. अनुत्तीर्ण. पालकांच्या विनंतीवरून. ओळी आपोआप वर सरकत होत्या. मी म्हटलं, हे सगळे आपल्या शाळेत होते. त्यातल्या ज्यांचं कारण ‘पुढील शिक्षणासाठी’ आहे तेवढ्यांनाच आपण माजी विद्यार्थी म्हणतो. बाकीच्यांना काय म्हणायचं?

वाद झाला, व्हायलाच हवा होता. एका काकांनी विचारलं, एक महिना येऊन गेलेल्यालाही सभासद करायचं का? प्रश्न योग्य होता. एका काकूंनी विचारलं, पास होण्याला मग काही किंमत नाही का? तोही प्रश्न योग्य होता, आणि त्यांनी तो रडवेल्या आवाजात विचारला, कारण त्या लग्नानंतर रात्रशाळेत जाऊन दहावी झाल्या होत्या. मी म्हटलं, किंमत आहेच काकू, म्हणून तर आपण गुणगौरव करतो. पण सभासदत्व हे बक्षीस नाही ना.

मग पीटीचे सर उठले. ते सभासद नव्हेत, निमंत्रित. त्यांनी विहिरीची गोष्ट सांगितली. सगळी नाही, दोन-तीन वाक्यांत. चाळीस पावलं हा आकडा सांगितला आणि खाली बसले. हॉलमधल्या बऱ्याच जणांनी कधी ना कधी त्याच पाण्यात मुलं उतरवली होती.

शेवटी ठराव झाला तो असा: ज्या व्यक्तीने या शाळेत किमान एक पूर्ण शैक्षणिक वर्ष शिक्षण घेतले असून जनरल रजिस्टरमध्ये जिची नोंद आहे. मतदानात सचिव काका तटस्थ राहिले. पण दुसऱ्याच दिवशी त्यांचा मला फोन आला, “अगं, फॉर्ममध्ये दहावीच्या वर्षाच्या जागी जीआर नंबरचा रकाना घालायला लागेल. करून पाठव, म्हणजे ठाण्याला एकाच फेरीत सगळं देतो.” त्यांची फाइल परत मांडीवर गेली.

*

माझा मित्र सभेला आला नव्हता. नियमाने त्याला येताही आलं नसतं, आणि त्या दिवशी त्याला वापीचं भाडं होतं. मी रात्री फोन करून सांगितलं.

“मना सभासद करून काय करनार?”

“काही नाही. तू होतासच, आता कागदावर येशील.”

“वर्गनी किती?”

“वर्षाला पाचशे.”

तो थोडा वेळ गप्प. मागे ट्रकचा हॉर्न. “देतो. पन एक काम करा पयला. माज्या पोरीच्या वर्गात दोन पंखे बंद हायत. दिवालीपासून सांगतंव.”

आमच्या अकरा जणांच्या कार्यकारिणीला हे माहीत नव्हतं. कोणाला माहीत असणार? पहिलीच्या वर्गात गुणगौरव होत नाही. पंखे त्या आठवड्यात बसले, दोन हजारांच्या आत काम झालं. आणि एक नवं पद तयार झालं, ज्याला अजून नीट नाव नाही. सध्याच्या पालकांपैकी एक जण कार्यकारिणीच्या बैठकीला बसेल, असं ठरलं. आता तो बसतो, फार बोलत नाही.

जीआरमधली त्याची ओळ आहे तशीच राहील. ती बदलायचा अधिकार कोणाला नाही, आणि बदलूही नये. तो शाळेचा कागद आहे, जे घडलं ते त्यात लिहिलेलं असावं. माझ्या यादीत मात्र मी एक रकाना वाढवला आहे, ‘सध्या’. तो भरण्यासाठी रोज रात्री जेवणानंतर मी दोन-तीन फोन करते. बरेचसे नंबर बंद आहेत. काही लागतात. आठवीत ‘लग्न’ या कारणाने शाळा सोडलेली एक बाई वसईला पोळीभाजी केंद्र चालवते. तिने आधी विचारलं, पैसे मागायला फोन केलाय का? मग विचारलं, शिबिरात स्वयंपाकाला कोण असतं? मी सांगितलं, केटरर. किती घेतो? मी आकडा सांगितला. ती म्हणाली, लुटतोय तुम्हाला.

पुढच्या जानेवारीचा स्वयंपाक तिच्याकडे आहे. त्याआधी, मेच्या दुसऱ्या आठवड्यात पाणी उतरलं की आम्हाला परत जायचं आहे, कारण दर पावसाळ्यात गाळ हलतो आणि गेल्या वर्षीचा नकाशा गेल्या वर्षीचाच असतो. आजोबांना फोन झाला आहे. या वेळी तिला मोठ्या चुलीसाठी जागा बघायची आहे, त्यामुळे टेम्पोत पुढे तीन जणं बसतील. मी मागे, सामानाबरोबर.